दम कमी

दसऱ्यानंतरच्या त्या आठवड्यात मी देवीवर रागावलो होतो, हे आधीच कबूल करतो. राग मनातल्या मनात होता, पण होता. नवरात्राचे नऊही दिवस मी अनवाणी चाललो होतो. अकोल्याला जठारपेठेतल्या घरापासून बसस्टँडपर्यंत आणि अमरावतीला अंबादेवीच्या गर्दीत, तापलेल्या डांबरावरून, टाचांना भेगा पडेपर्यंत. बायको म्हणाली होती, निदान इंजिनच्या खोलीत तरी चप्पल घाला, लोखंडाचा कीस पायात जाईल. तिचंही ऐकलं नाही. आणि एवढं करून दसऱ्याला दोन दिवस उलटत नाहीत, तोच माझ्या देखरेखीखालचं इंजिन गुदमरायला लागलं. आपण मनोभावे करावं आणि पदरात हे पडावं, असं वाटून गेलं. मी काही फार मोठा भक्त नाही. पण जेवढं करतो तेवढ्याची वर कुठेतरी दखल घेतली जावी, अशी माझी अपेक्षा असायची, आणि त्या दिवसांत ती जरा जास्तच होती.

मी मूळचा हिवरखेडचा. घरची काळी जमीन धाकटा भाऊ पाहतो. मी मशीनच्या नादाने घराबाहेर पडलो आणि बारा वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत फिटर म्हणून काढली. आईला शेवटपर्यंत पटलं नाही की पाण्यावर राहणारा आपला मुलगा दिवसभर घामाने भिजलेला असतो. परत आल्यावर आपल्याकडे जहाजाचं काम कुठलं मिळणार, असं सगळे म्हणायचे. पण नांदगाव पेठेच्या पुढे संत्र्यांचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथल्या मालकांनी भंगारात निघालेल्या एका जहाजाचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आणून जनरेटरला जोडलेलं आहे. वीज गेली की शीतगृहाचे दोन्ही कॉम्प्रेसर त्यावर चालतात. समुद्र जन्मात न पाहिलेल्या माणसांच्या मधोमध हे इंजिन बसलेलं आहे, आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आहे. आठवड्यातून तीन दिवस मी तिथे जातो, आणि इंजिन सलग चालायचं असलं तर रोज.

या इंजिनला टर्बो आहे. तो काय करतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक गरगर फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून घेऊन इंजिनमध्ये दाबून भरतं. हवा भरपूर मिळाली की डिझेल नीट जळतं आणि ताकद मिळते. कमी मिळाली की काळा धूर येतो, इंजिन तापतं आणि भार ओढेनासं होतं. हवेचा हा दाब दाखवायला एक काटा असतो. जहाजावर आम्ही त्याला बूस्ट म्हणायचो. देविदासभाऊ त्याला दम म्हणायचे.

देविदासभाऊ म्हणजे तिथले ऑपरेटर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. जवळच्याच गावचे, आणि हे इंजिन येण्याआधी तिथे जी दोन लहान इंजिनं होती, तेव्हापासूनचे. त्यांच्या गावात त्यांना आडनावाने कोणी ओळखत नाही, इंजनवाले म्हणूनच ओळखतात. बोलणं कमी. इंजिन चालू असलं की एका ठरावीक स्टुलावर बसून असतात, डोळे अर्धे मिटलेले. नवख्याला वाटावं की माणूस झोपला आहे. मलाही पहिले सहा महिने तसंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मी ते मत पुढेही नीट बदललं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज यायला आठ-दहा दिवस लागतील असं कळलं. शीतगृह नुकतंच संत्र्यांनी भरलेलं होतं आणि आता सगळा भार आमच्या इंजिनवर आला. त्याच दिवशी दुपारी देविदासभाऊ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "साहेब, इंजिनाले दम कमी पडून राह्यला. नाकातच काहीतरी अडकल्यावानी वाटते."

मी नोंदवही पाहिली. दर तासाला प्रत्येक काट्याचा आकडा लिहायचा असा माझा नियम होता. बूस्टच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'दम कमी'. खाली पुन्हा, 'दम कमी'. जहाजावर असली नोंद कोणी केली असती तर त्याला डेकवरून खाली बोलावून वही पुन्हा लिहायला लावली असती. मी भडकलो. म्हटलं, "भाऊ, नाक-कान डॉक्टर पाहीन. तुमी आकडा काहून लिहीत नाही?"

"आकडा अजून सरकला नाही साहेब. कानाले आदी समजते."

हे उत्तर मला उद्धट वाटलं. आज लिहिताना ते किती सरळ होतं हे कळतं. काटा खरोखरच त्या दिवशी जागेवर होता. दुसऱ्या दिवशी तो खाली आला. भारावर जिथे सव्वा किलो दाब दिसायचा तिथे पाऊण, आणि तिसऱ्या दिवशी अर्धा. चिमणीतून काळा धूर. दोन कॉम्प्रेसर एकदम लावले की इंजिन बसायला लागायचं, म्हणून एकच चालवायचा. खोल्यांचं तापमान हळूहळू चढू लागलं. ज्यांची संत्री आत होती ते बागवाले दारात येऊन थांबू लागले. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत.

मी कामाला लागलो. हवेचा फिल्टर काढून पाहिला, स्वच्छ होता. फिल्टर काढून टाकून तासभर इंजिन तसंच चालवलं, तरी काटा वर जाईना. म्हणजे हवा आत यायला अडचण नाही, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली. मग टर्बोच्या पुढचे सगळे पाइप साबणाच्या पाण्याने तपासले, कुठे बुडबुडा आला नाही. हवा थंड करणारा कूलर उघडला, साफ केला, बसवला. धुराच्या बाजूचे जोड पाहिले, काजळी कुठे नव्हती. काट्याकडे जाणारी बारीक नळी फुंकून पाहिली. शेवटी एक झाकण काढून टर्बोचा दांडा बोटांनी हलवला, तर तो किंचित हलतोय असं मला वाटलं. वाटलं म्हणजे मला वाटायला हवंच होतं. तीन दिवस हात काळे करून काही सापडत नाही म्हटल्यावर माणसाला काहीतरी सापडतंच.

शुक्रवारी माझं निदान तयार झालं. तापलेलं इंजिन भारावरून उतरवून पाच मिनिटं रिकामं चालवावं लागतं आणि मगच बंद करायचं असतं. एकदम बंद केलं की टर्बोचं तेल थांबतं आणि बेअरिंग जातं. मालकांना मी हे सांगितलं. टर्बो उतरवून मुंबईला पाठवावा लागेल म्हणालो. त्यांनी विचारलं, "मंग हे कोणाच्या हातानं झालं?" मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. तेच खरं होतं. मी म्हणालो, "बंद करणारा माणूस कोण आहे ते तुमाले माहीत आहे. वहीत तो आकडेही लिहीत नाही, तुमीच पाहा."

मालक तसे वाईट माणूस नाहीत. पण बागवाल्यांनी त्यांना घेरलेलं होतं आणि त्यांना बोट दाखवायला कोणीतरी हवं होतं. त्यांनी देविदासभाऊंना माझ्यासमोर बोलावून सांगितलं की सोमवारपासून दुसरा माणूस येईल, तुम्ही आता घरी आराम करा. देविदासभाऊंनी हात पुसले. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पाच मिनटं रिकामं चालवल्याबिगर मी बंद नाही करत साहेब. पन तुमी म्हनता तं असंन." आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या 'असंन'ने माझी झोप उडवली, पण शब्द मागे घेण्याइतकी ती उडाली नव्हती.

शनिवारी सकाळी मी लवकर पोचलो. दुपारी टर्बो उतरवायचा होता. देविदासभाऊंचा शेवटचा दिवस. त्यांनी आपली पिशवी आधीच भरून कोपऱ्यात ठेवली होती. भिंतीवर अंबादेवीचा फोटो आहे, त्याला मी उदबत्ती लावली आणि हात जोडून उभा राहिलो. प्रार्थना कसली, तक्रारच होती. नऊ दिवस अनवाणी चाललो, खंडेनवमीला या इंजिनची पूजा स्वतःच्या हाताने केली, हार घातला, नारळ फोडला, आणि तू मला चारचौघांत असं उभं केलंस. असं काहीसं मनात बोललो. शेवटी एवढंच मागितलं की दुपारी टर्बो उघडल्यावर माझं म्हणणं खरं निघू दे. एका माणसाचं कायमचं नाव जाणार होतं आणि मी देवीकडे मागत होतो ते हे. लिहितानाही लाज वाटते.

साधारण दहा वाजता इंदूबाई आल्या. पलीकडच्या शिवारात त्यांची झेंडू-शेवंतीची शेती आहे. माळी कुटुंब, अंबादेवीला पिढ्यान्‌पिढ्या फुलं देणारं. खंडेनवमीला इंजिनचे हार त्यांच्याकडूनच आले होते. त्यांची एक पद्धत आहे. ज्यांना हार दिले त्यांच्याकडून कोजागरीच्या आत वाळलेले हार परत घेऊन जायचे आणि आपल्याच वावरात मातीला द्यायचे. देवाचं झालेलं फूल उकिरड्यावर पडू नये म्हणून. मी निर्माल्याची टोपली दाखवली आणि पान्हे मांडायला लागलो. बाई टोपली उपसून बसल्या. बराच वेळ गेला. मग दारातून म्हणाल्या, "भाऊ, वस्त्र कुठी हाये?"

"कोनतं वस्त्र?"

"लाल. देवीच्या अंगावरचं. खंडेनवमीले तुमच्या हातात देल्लं होतं ना. पूजा झाली का वापस द्या म्हनलं होतं. लेकीले पोरगी झाली, उद्या बारसं हाये. पाळण्याले बांधाचं हाये ते."

"टोपलीतच असंन मावशी. पाहा नीट."

"दोन डाव पाहेलं. हार हाये, नारळाची शेंडी हाये, वस्त्र नाही. तुमी याद करा बरं, कुठी ठेवलं."

मी चिडून आठवायला लागलो, त्या जाव्यात म्हणून. आणि आठवलं तसा हातातला पान्हा खाली ठेवला.

खंडेनवमीला मी इंजिन धुऊनपुसून लख्ख केलं होतं. फिल्टर आणि टर्बो यांच्यामध्ये रबराचा एक जाड पाइप आहे, तो काढून साफ केला होता. पूजेच्या वेळी टर्बोचं तोंड उघडं होतं. हळदकुंकू, अक्षता, फुलाच्या पाकळ्या, त्यातलं काही आत गेलं तर त्या वेगाने फिरणाऱ्या चाकाचं काय होईल हे मला माहीत होतं. म्हणून इंदूबाईंनी दिलेलं देवीचं पातळ लाल वस्त्र मी त्या तोंडावर ताणून बांधलं. कामही झालं आणि भक्तीही झाली, अशी स्वतःची पाठही थोपटून घेतली. पूजा झाली. आरतीला मालक पाहुण्यांना घेऊन आले होते. त्यांनी म्हटलं, यांना जरा तुमच्या जहाजाच्या गोष्टी सांगा. मी पाइप बसवता बसवता सांगायला लागलो. वादळ, लाटा, इंजिनखोलीत आलेलं पाणी. तोंड अरबी समुद्रात होतं आणि हात पाइपवर. रबरी पाइप वस्त्रासकट त्या तोंडावर चढवला, बाहेर आलेले काठ आत खोचले, क्लॅम्प आवळला आणि पाहुण्यांना मोठी लाट किती उंच होती ते हाताने दाखवलं.

टर्बोच्या त्या पाइपला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हाही माझाच नियम होता. म्हणून देविदासभाऊंनी तो उघडला नाही. आणि मी उघडला नाही, कारण तो मी बसवला होता.

मी देविदासभाऊंना इंजिन बंद करायला सांगितलं. त्यांनी कॉम्प्रेसरचा भार उतरवला, इंजिन हळू केलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. त्यांच्या मनगटावर घड्याळ नाही. भिंतीवरही नाही. मी माझ्या मनगटाकडे पाहत होतो. एक मिनिट, दोन, तीन. इंदूबाई टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या. चार. इतकी लांब पाच मिनिटं मी समुद्रावरही काढली नव्हती. मग त्यांनी लिव्हर ओढला आणि इंजिन थांबलं. माझ्या घड्याळात पाच मिनिटांवर काही सेकंद झाले होते. क्लॅम्पला हात लावण्याआधीच माझं निदान खोटं ठरलेलं होतं.

पाइप ओढून काढला. वस्त्र तिथेच होतं. लाल म्हणायला फक्त काठाला थोडं लाल राहिलं होतं, बाकी काळंकुट्ट, तेलकट, मधोमध आत ओढलं जाऊन वाटीसारखं झालेलं. फिल्टर काढून मी इंजिन चालवलं होतं त्या तासाभरात रस्त्यावरची धूळ आणि कापसाच्या गाड्यांवरून उडणारे तंतू सगळे त्यावर जाऊन बसले होते. मी गाठ सोडली आणि ते मुठीत घेतलं. मुठीत मावेल एवढंच होतं.

पुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. देविदासभाऊ इंजिनच्या पलीकडच्या बाजूला होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. इंदूबाईंना त्यातलं काही कळणार नव्हतं. मूठ खिशात घातली असती, पाइप परत बसवला असता, जोड ढिला होता असं सांगितलं असतं, की काटा सव्वावर आणि मी पुन्हा जहाजावरचा मोठा कारागीर. देविदासभाऊंसाठी मालकांकडे शब्द टाकू, असंही मनात आलं. म्हणजे त्यांचं नाव मी बुडवायचं आणि दया करून परत मीच मिळवून द्यायचं. मनात हे सगळं यायला फार वेळ लागला नाही. मूठ खिशापर्यंत गेली होती. समोर देवीचा फोटो होता, त्याखाली सकाळच्या उदबत्तीची राख पडली होती, पण मला थांबवलं ते फोटोने नाही.

"सापडलं ना?" इंदूबाई दारातून मोठ्याने म्हणाल्या. त्यांनी माझा हात पाहिला होता. उठून आल्या, तळहात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. आपली वस्तू मागायला आलेल्या माणसासारखा. मी मूठ उघडली.

"काळं झालं मावशी. पाळण्याले नाही बांधता येनार."

"धुता येते ना." त्यांनी ते दोन्ही हातांत धरून उजेडात ताणलं आणि बारकाईने पाहिलं. आवाज ऐकून देविदासभाऊही इंजिनला वळसा घालून आले. "फाटलं नाही कुठी," बाई म्हणाल्या. "लय पातळ हाये हे, फाटाले पाह्यजे होतं. फाटलं असतं तं काय झालं असतं?"

मी सांगितलं. एक चिंधी जरी आत गेली असती तरी चाकाची पाती तुटली असती, तुकडे इंजिनमध्ये गेले असते. स्टुलावर बसलेला माणूसही जवळच होता.

"मंग मायनं धरून ठेवलं म्हना," बाई म्हणाल्या, आणि वस्त्राची घडी घालून कमरेला खोचली. त्यांना घाई होती, बारशाची तयारी राहिली होती.

ते का फाटलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे कारागीर म्हणून नाही. इतकं पातळ कापड त्या ओढीपुढे तीन दिवस कसं टिकलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कोणाशी वाद घालायची इच्छा नाही. बाई त्याच दिवशी आल्या, टर्बो मुंबईला जाण्याआधी, देविदासभाऊंची पिशवी कोपऱ्यातून उचलली जाण्याआधी. एक दिवस उशिरा आल्या असत्या तर देविदासभाऊ तिथे नसते. एवढंच सांगतो.

मी देविदासभाऊंकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. 'नाकात अडकलं आहे असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो,' एवढं एक वाक्य त्यांनी म्हणावं, म्हणजे आपण सुटलो, असं मला वाटत होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी फडकं घेतलं, पाइपचं तोंड आतून पुसलं आणि विचारलं, "लावाचं?"

"देविदासभाऊ," मी म्हणालो, "हे मी बांधलं होतं. काढायचं मीच विसरलो. तुमच्या हातून काही झालं नाही. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला." हे शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप निघालं. खोटं मी मुद्दाम बोललो नव्हतो, असं मी कालपासून स्वतःला समजावत होतो. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर ते समजावणं टिकलं नाही.

तिथूनच मालकांना फोन लावला, स्पीकर सुरू केला, आणि तेच पुन्हा सांगितलं. मग मालक म्हणाले, "बारा वर्षं जहाजावर होते ना तुमी?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. "देविदासले म्हना, सोमवारी ये म्हनून." मी म्हणालो, "तुमच्या तोंडानं काढलं होतं शेठ, तुमीच सांगा." त्यांनी सांगितलं. देविदासभाऊ "हो शेठ" म्हणाले आणि फोन बंद झाल्यावरही तो थोडा वेळ हातातच धरून राहिले.

इंजिन चालू केलं. धूर निवळला, काटा चढत गेला, आणि दुसरा कॉम्प्रेसर लावल्यावरही इंजिन बसलं नाही. बाहेरचे बागवाले आवाजावरूनच उठून उभे राहिले. त्या क्षणी जो आनंद व्हायला हवा होता तो मला झाला नाही. देविदासभाऊंनी पिशवी उघडून आपली तांब्या-पेल्याची जोडी परत खिडकीत ठेवली आणि माझ्याजवळ आले. म्हणाले, "साहेब, एक काम करा. घरी चला एक डाव, आन तुमीच सांगा. मी सांगतलं तं कोनाले पटनार नाही. देविदासनं इंजन बिघडवलं, असं गावात झालं हाये."

दुपारी त्यांच्या मागे गाडीवर बसून गेलो. घराच्या दारावर निळ्या रंगात त्यांचं नाव लिहिलेलं आहे, पुढे आडनावाच्या जागी इंजनवाले. ओट्यावर शेजारचे तिघे-चौघे बसलेले होते, देविदासभाऊंच्या पत्नी गिरजाबाई दारात उभ्या. देवळात डोकं टेकवणं मला कधी जड गेलं नाही. नऊ दिवस अनवाणी चालणंही नाही, उलट ते मी दहा जणांना सांगितलं होतं. त्या ओट्यासमोर मात्र पाय उचलेना. मी चप्पल काढली आणि उभ्यानेच सांगितलं. आमच्या हिवरखेडच्या बोलीत सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत ते खरं वाटलं नसतं. इंजिन मी बिघडवलं होतं. यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मी ऐकलं नाही आणि यांच्यावर ढकललं.

गिरजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तीन दिवस झाले, डबा जसाच्या तसा वापस येऊन राहिला. म्या म्हनलं, जीव बरा नसंन. म्हनून जेवले नाही काय तुमी?" हे त्या नवऱ्याला विचारत होत्या. ते जमिनीकडे पाहत होते.

ते तीनही दिवस मी त्याच खोलीत, त्यांच्या स्टुलापासून चार हातांवर बसून माझा डबा खाल्ला होता. रोज. त्यांचा डबा उघडला की नाही हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी काटे पाहत होतो.

"बसा," गिरजाबाई म्हणाल्या. "दोघंई बसा. जेवन तयार हाये." त्यांनी दोन ताटं केली. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, तेलात परतलेली हिरवी मिरची. मी नको म्हणालो तर देविदासभाऊंनी माझ्या हाताला धरून बसवलं. त्यांनी पहिला घास घेतला. मी त्यांच्याकडे पाहत होतो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीचं नव्हतं. त्यांनी पाहिलं असावं, पण ते जेवत राहिले. भूक लागली होती त्यांना.

शरण जाणं म्हणजे काय, याबद्दल पुष्कळ कीर्तनं मी ऐकली आहेत. मला वाटायचं, ते आपण देवासाठी करायचं काहीतरी असतं, उपास, पायी चालणं, नारळ. त्या दिवशी कळलं की मी देवीपुढे जे जे ठेवत होतो त्यात माझी चूक कधीच नव्हती. ती सोडून बाकी सगळं होतं. आता सकाळी हात जोडतो तेव्हा काही मागत नाही असं नाही, मागतो. पण आधी विचारतो की आज माझ्यामुळे कोणी उपाशी आहे का.

लोक म्हणतात, देवीनं भक्ताची लाज राखली. मी तसं म्हणत नाही. माझी लाज तिनं घालवली, वेळेवर घालवली, आणि एक माणूस तीन दिवसांनी पोटभर जेवला. त्याबद्दल मी जन्मभर तिचा ऋणी आहे.